‘कोणीतरी’ नावाचा माणूस : आपल्या लेबर रूममध्ये पहिलं टीम ड्रिल कसं घ्यावं

तालुक्याच्या गावातलं एक रुग्णालय. लेबर टेबलवर आमच्याच एक स्टाफ सिस्टर पेशंट होऊन झोपल्या होत्या, चादरीखाली लाल पाण्याची पिशवी. बाळ होऊन वीस मिनिटं झालीत आणि रक्त थांबत नाही, असा प्रसंग. डॉक्टर आत आले, एका नजरेत ओळखलं आणि म्हणाले, “अहो, कोणीतरी ऑक्सिटोसिन द्या पटकन!” दोघी सिस्टर एकदमच फ्रिजकडे वळल्या. त्यातल्या एकीचा हात तोवर पोटावर होता, गर्भाशय चोळत होता, तो सुटला. तिसरी ट्रेमध्ये ॲम्प्युल शोधू लागली. वॉर्डातले मामा दारात उभे, काय आणायचं ते कोणी सांगेल म्हणून. इंजेक्शन प्रत्यक्ष गेलं ते चार मिनिटांनी. नंतर डॉक्टर शपथेवर सांगत होते की मिनिटभरात दिलं.

ऑक्सिटोसिन म्हणजे गर्भाशय आकुंचन पावून रक्त थांबावं म्हणून द्यायचं इंजेक्शन. त्या खोलीतल्या प्रत्येकाला त्याचा डोस पाठ होता. तोंडी परीक्षा घेतली असती तर सगळे पास. अडलं ते ‘कोणीतरी’ या शब्दापाशी. मी भूलतज्ज्ञ आहे, चार-पाच ठिकाणी भूल द्यायला जाते, आणि हा कोणीतरी मला सगळीकडे भेटतो. बारा भाईंची शेती, काय लागेल हाती, ही म्हण ज्याने केली त्याने लेबर रूम पाहिली नसणार, पण लागू अगदी तंतोतंत पडते.

‘आपल्याकडे सिम्युलेशन सुरू करा’, म्हणजे असा खोट्या पेशंटवरचा सराव सुरू करा, असं वरून सांगितलं गेलंय आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशांसाठी हे लिहितेय. उदाहरण सगळीकडे एकच घेते : प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, म्हणजे आपलं पीपीएच. उपचार कसे करायचे हे शिकवायचा हा लेख नाही. ते तुमच्या प्रोटोकॉलमध्ये आहे आणि बहुतेक भिंतीवर चिकटवलेलंही आहे.

पुतळ्याआधीची गोष्ट

नॉर्वेत खेळणी बनवणाऱ्या ऑसमुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये ‘रिसुसी ॲन’ बाजारात आणली, तोंडाने श्वास कसा द्यायचा हे शिकवायला. त्या पुतळ्याने एकेकट्या माणसाच्या हाताला वळण लावलं. चार माणसं एकत्र आल्यावर काय बिघडतं, हे मात्र वैद्यकाला विमानवाल्यांकडून शिकावं लागलं. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली आणि ५८३ माणसं गेली. धुक्यात उड्डाणासाठी धावत सुटलेल्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती, समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना? झालंय, म्हणून कॅप्टनने ती उडवून लावली. कॅप्टन कंपनीतला नावाजलेला ज्येष्ठ माणूस. इंजिनिअर मग गप्प बसला. अशा अपघातांमधून वैमानिकांचं जे प्रशिक्षण उभं राहिलं, ते स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा यांनी १९९० च्या सुमाराला ऑपरेशन थिएटरात आणलं. गाबा भूलतज्ज्ञ, बिरादरीचा अभिमान म्हणून सांगितलं.

आपल्या थिएटरात, लेबर रूममध्ये तो कॅप्टन कोण आणि इंजिनिअर कोण, हे ज्याचं त्याने ओळखावं.

पायरी १ : एकच प्रसंग निवडा

जे रोज घडतं त्याचं ड्रिल लागत नाही, त्याचा सराव रोजच होतो. क्वचित घडतं, पण घडलं की विचार करायला वेळ देत नाही, असं काहीतरी घ्या : पीपीएच, झटके येणारी गरोदर बाई, न रडणारं बाळ, इंजेक्शननंतरची जीवघेणी रिॲक्शन. लेबर रूम असेल तर पीपीएचपासून सुरुवात करा. त्यात प्रत्येकाला काम असतं, बघत उभं राहायला कोणी उरत नाही.

मग दोन किंवा तीन उद्दिष्टं लिहा, त्याहून जास्त नको. ‘पीपीएचबद्दलचं ज्ञान वाढवणे’ हे उद्दिष्ट नव्हे, तो अहवालातला मजकूर आहे. घड्याळ लावून किंवा कान देऊन तपासता येईल असं लिहा. आमची पहिली तीन अशी होती : रक्तस्राव लक्षात आल्यापासून एका मिनिटात मदतीची हाक गेली का; प्रत्येक औषधाचा हुकूम नाव घेऊन दिला गेला का; पोटावरचा हात एकदाही सुटला का. बघा, तिन्हींत औषधशास्त्र कुठंच नाही.

पायरी २ : जे खरोखर असतात ते सगळे हवेत

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. डॉक्टरांचं ड्रिल वेगळं, नर्सिंगचं वेगळं, आणि मावशींना ‘तेवढी खोली पुसून ठेवा’. असं केलंत तर तुम्ही व्याख्यान ठेवलंय, ड्रिल नव्हे. रात्री तीन वाजता जे लोक त्या खोलीत असतील ते सगळे हवेत : डॉक्टर, दोन-तीन सिस्टर, मावशी, मामा, रक्त आणायला जाणारा माणूस.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात टिम ड्रेकॉट आणि सहकाऱ्यांनी हेच केलं. प्रसूती विभागातल्या सगळ्यांना, दरवर्षी, स्वतःच्याच रुग्णालयात, एकत्र बसवून प्रशिक्षण. त्यांनी २००८ मध्ये मांडलेले आकडे मी अधूनमधून वरिष्ठांना ऐकवते, कारण वरिष्ठांना आकडे लागतात. बाळाचा खांदा अडकलेल्या प्रसूतींमध्ये बाळाला इजा होण्याचं प्रमाण तिथं ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं होतं.

वरिष्ठांकडून परवानगी घेताना दोन गोष्टी वदवून घ्या. एक, ड्रिलमध्ये कोणाचं काय चुकलं याची नोंद कोणाच्याही फाइलमध्ये जाणार नाही. दोन, ज्या वस्तू मोडक्या किंवा गायब सापडतील त्या दुरुस्त करायला ते मदत करतील. दुसरं वचन जास्त महत्त्वाचं, आणि तेच जास्त अवघड.

वेळ पाऊण तास धरा. सकाळी आठला ड्युटी बदलते तेव्हा दोन्ही पाळ्यांची माणसं हाताशी असतात. दहा मिनिटं आधीचं बोलणं, आठ-दहा मिनिटं प्रसंग, आणि उरलेला सगळा वेळ नंतरच्या चर्चेला.

पायरी ३ : जागा आपलीच, आणि त्यातले धोके

मेडिकल कॉलेजांमध्ये २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून स्किल लॅब आल्या, चांगलं झालं. टाके घालणं, नळी टाकणं तिथं जरूर शिका. पण टीमचं ड्रिल स्वतःच्या खोलीत घ्या. स्किल लॅबमधला फ्रिज नेहमी उघडतो. तुमच्या खोलीतला उघडतो का, हे तुम्हाला बघायचंय.

मात्र चालू लेबर रूममध्ये खोटी औषधं आणणं हा खेळ नव्हे. अमेरिकेत २०१४-१५ च्या सुमारास सरावासाठी बनवलेल्या, निर्जंतुक नसलेल्या सलाइनच्या पिशव्या चुकून खऱ्या दवाखान्यांत पोचल्या आणि चाळीसहून अधिक रुग्णांना चढवल्या गेल्या. म्हणून हे पाळाच :

- सरावाच्या प्रत्येक बाटलीवर, ॲम्प्युलवर, सिरिंजवर लाल अक्षरात ‘सरावासाठी, रुग्णाला देऊ नये’ अशी चिकटपट्टी.
- आणलेल्या वस्तूंची मोजून यादी. जितक्या आणल्या तितक्या परत मिळेपर्यंत खोली सोडायची नाही.
- खरा पेशंट आला की कोणीही ‘ड्रिल बंद’ म्हणायचं आणि त्याच क्षणी थांबायचं. मावशींनी म्हटलं तरी.
- रक्तपेढीला आणि फोनवर बोलावल्या जाणाऱ्या प्रत्येकाला वाक्याच्या सुरुवातीलाच ‘हे ड्रिल आहे’ सांगायचं.

आणि दारावर पाटी लावा. आमची ‘पेशंट’ सिस्टर अभिनयात जरा जास्तच रंगली, तेव्हा बाहेर बाकावर बसलेल्या एका खऱ्या बाळंतिणीच्या सासूबाई रडायला लागल्या होत्या. नातेवाइकांना आधी सांगायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून एक ताई फक्त बाहेर थांबून लोकांशी बोलायला ठेवतो.

पायरी ४ : सामान

लाखांचा पुतळा मागवायची घाई करू नका. तो येतो, फोटो निघतात, मग चार्जर सापडत नाही म्हणून तो कपाटात जातो. पीपीएचसाठी जिवंत माणूसच उत्तम, कारण ती बोलते, घाबरते, ‘मला गरगरतंय’ म्हणते. ‘मामानॅटली’ नावाचं पोटाला बांधायचं साधन मिळतं. बांधणारी बाईच आतून रक्त सोडते, गर्भाशय मऊ-कडक करते. प्रॉन्टो या संस्थेने तर ऑपरेशन थिएटरच्या पायजम्याला शिवणकाम करून ‘पार्टोपँट्स’ केल्या आणि त्यांच्या प्रशिक्षणाचं काम बिहारमध्येही झालं. हेही नसेल तर रबरी शीट, सलाइनची रिकामी पिशवी, नळी आणि चादर.

रक्ताची कृती : लिटरभर पाण्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर शिजवायचं, गार झालं की खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी. गुठळ्या हव्या असतील तर त्याच रंगात चायना ग्रास घट्ट करून हाताने तोडायचा. पहिल्या वेळी आम्ही शहाणपणा करून कोकम सरबत वापरलं होतं. रंग झकास, पण दुसऱ्या दिवशी लेबर रूमभर मुंग्या. कुंकू तर मुळीच नको, डाग जात नाही आणि मावशी बोलतात.

हे रक्त तयार आहे तर आधी एक छोटा खेळ करा. बरोबर ५०० मिली मोजून एका चादरीवर ओता, सगळ्यांना एकेक करून आत बोलवा आणि अंदाज कागदावर लिहायला सांगा. आमच्याकडे १५० पासून ८०० पर्यंत उत्तरं आली आणि सगळ्यात चुकीचं माझं होतं. नजरेच्या अंदाजावर आपण किती विसंबतो हे त्या पाच मिनिटांत जेवढं कळतं तेवढं तासाभराच्या भाषणात कळत नाही. बाळंतिणीखाली पसरून रक्त साठवायचा, मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा ड्रेप वापरायचा तो याचसाठी. रक्त मोजणाऱ्या अशा ड्रेपवरचं महत्त्वाचं काम आपल्या शेजारी, बेळगावात झालेलं आहे. पुढे २०२३ मध्ये ई-मोटिव्ह हा आफ्रिकेतल्या चार देशांमधला अभ्यास आला. ड्रेपने लवकर ओळखायचं आणि मालिश, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाइन, तपासणी हे सगळं एकापाठोपाठ एक वाट न बघता एकदमच सुरू करायचं, अशी ती पद्धत. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, यांचं मिळून प्रमाण तिथं ६० टक्क्यांनी घटलं. आता ‘एकदमच सुरू करायचं’ हे शब्द पुन्हा वाचा. एकट्या माणसाला ते शक्यच नाही.

मॉनिटर नसला तरी अडत नाही. एकाने नाडी-बीपीचे आकडे लिहिलेलं कार्ड हातात धरून उभं राहायचं. नियम एकच : बीपी विचारून मिळत नाही, पट्टा बांधल्यावर मिळतं. नुसतं ‘बीपी किती?’ असं खोलीला विचारलं तर कार्डवाल्याने गप्प राहायचं. ही शांतता फार शिकवते.

पायरी ५ : प्रसंग एका पानात

आमचं पान असं होतं. संगीता, वय २६, दुसरी खेप, वीस मिनिटांपूर्वी नॉर्मल प्रसूती, बाळ साडेतीन किलो, वार पूर्ण पडलेली. सुरुवातीला नाडी १०४, बीपी ११०/७०, ड्रेपमध्ये ५०० मिली, गर्भाशय मऊ. तीन मिनिटांनी नाडी १२८, बीपी ९०/६०, ड्रेपमध्ये ८००, बाई म्हणते ‘पाणी द्या’. मालिश, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झामिक आणि सलाइन चारही सुरू झाले की गर्भाशय कडक होतं, नाडी ११० वर येते. पाच मिनिटांत यातलं काही राहिलं तर ती पेंगायला लागते, बीपी ८०/५०. ट्रॅनेक्झामिक ॲसिड एक ग्रॅम, सावकाश, प्रसूतीपासून तीन तासांच्या आत. हे वेळेचं गणित कोणी बोलून दाखवतं का, तेही ऐकायचं.

अडचण एकच ठेवा. ट्रेमधलं ऑक्सिटोसिन संपलंय, एवढी पुरे. नवख्यांना मोह होतो : लाइट घालवू, नवऱ्याला आत घुसवू, रक्तपेढीचा फोन बंद ठेवू. मग माणसं शिकत नाहीत, चिडतात. आणि पहिल्या ड्रिलमध्ये पेशंटला मारू नका. टीम अडकलीच तर एका अनुभवी सिस्टरला मदतनीस म्हणून आत पाठवा, पुढचा धागा ती हातात देईल.

पायरी ६ : सुरू करण्याआधीचं बोलणं

हे पाठ करा, किंवा तुमच्या शब्दांत म्हणा, पण वगळू नका :

“इथले सगळे आपापल्या कामात हुशार आहेत आणि सगळ्यांना पेशंटचं भलं हवंय, हे आम्ही धरूनच चाललोय. आज परीक्षा खोलीची आहे, तुमची नाही. चुका होतील, आमच्याही झाल्यात. कोणी काय केलं ते या खोलीबाहेर जाणार नाही. फक्त मोडक्या वस्तूंची यादी बाहेर जाईल. सिस्टर पेशंट आहेत, त्या खऱ्या नाहीत हे आम्हालाही माहितेय. दहा मिनिटं खऱ्या समजा, एवढंच मागणं.”

मग सगळ्यांना सामान दाखवा : रक्त कुठून येतं, सुई खरी टोचायची नाही, कुठल्या हातावर काय करायचं. पेशंट झालेल्या सिस्टरचा संकोच आधी विचारा. अंगावर किती कपडे, कोण कुठं हात लावणार हे तिच्याशी ठरवा, आणि खरंच दुखलं तर म्हणायचा एक वेगळा शब्द ठरवा, कारण ‘आई गं’ तर ती अभिनयातही म्हणणारच. व्हिडिओ घेणार असाल तर सगळ्यांना विचारून, आणि चर्चा संपली की सगळ्यांसमोर पुसून टाका. तो व्हॉट्सॲपवर गेला तर तुमचं दुसरं ड्रिल कधीच होणार नाही.

पायरी ७ : प्रसंग चालू असताना

चालवणारा एक, कार्ड धरणारा एक, आणि घड्याळ घेऊन लिहिणारा एक. लिहिणाऱ्याने शेरे लिहायचे नाहीत. वेळ आणि तोंडून निघालेले शब्द लिहायचे. ‘संवाद कमी पडला’ याचा चर्चेत काही उपयोग नाही. ‘८ वाजून १४ मिनिटं : “ते लावून घ्या जरा”’ याचा आहे.

कारण आपल्या मराठीत कर्ता गाळायची सोय फार. ‘लावून घ्या’, ‘बघायला हवं’, ‘द्यायचंय अजून’, ‘झालं का ते?’ घरात चालतं, लेबर रूममध्ये यातलं प्रत्येक वाक्य हवेत विरतं. तशीच गोष्ट ‘हो’ची. आपण ‘हो’ म्हणतो तेव्हा ‘ऐकलं’ असं म्हणत असतो, सांगणाऱ्याला वाटतं ‘केलं’. म्हणून सराव करायचा तो या तीन वाक्यांचा :

“सविता सिस्टर, ऑक्सिटोसिन दहा युनिट मांडीत द्या.”
“ऑक्सिटोसिन दहा युनिट मांडीत देते.”
“ऑक्सिटोसिन दहा युनिट दिलं, आठ सोळाला.”

पहिल्यांदा सगळ्यांना हसू येतं, शाळेतल्यासारखं वाटतं. हसू द्या. तिसऱ्या ड्रिलपर्यंत ते जिभेवर बसतं.

फोनचंही तसंच. रात्री ‘सर, जरा येता का?’ असा फोन गेला की सर विचारतात ‘काय झालं?’, मग एकेक करून माहिती ओढून काढावी लागते. त्याऐवजी चार घासांत सांगायचं : काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून ही पद्धत रुग्णालयांत आली, असं सांगतात. आमच्या सिस्टरांनी ती अशी बसवली :

“सर, लेबर रूममधून बोलतेय. संगीता, टेबल दोन, प्रसूतीनंतर रक्तस्राव, ड्रेपमध्ये सातशे, अजून चालू आहे. दुसरी खेप, मोठं बाळ, वार पूर्ण आली. गर्भाशय मऊ लागतंय, मला वाटतं आकुंचन होत नाहीये. ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झामिक दोन्ही दिलंय. तुम्ही आत्ता या. दोन पिशव्या रक्त सांगू?”

‘मला वाटतं’ आणि ‘तुम्ही आत्ता या’ ही दोन वाक्यं म्हणायला सिस्टरांना सगळ्यात जड जातात. डॉक्टरांसमोर मत मांडायची सवयच नसते, आणि ‘या’ म्हणजे हुकूम केल्यासारखा वाटतो. यावर फार बोलत बसण्यापेक्षा तीन पायऱ्या ठरवून घ्या आणि मोठ्या डॉक्टरांकडूनच त्या सगळ्यांसमोर मान्य करवून घ्या. आधी “सर, मला काळजी वाटतेय.” ऐकलं नाही तर “सर, हे मला बरोबर वाटत नाहीये.” तरी नाही तर “सर, थांबा.” तिसरं वाक्य कानावर पडलं की हात थांबलाच पाहिजे, बोलणारा कोणीही असो.

दहा मिनिटं झाली की थांबवा. टीम उपचाराच्या मध्यात असली तरी चालेल. आणि चालू प्रसंगात शिकवू नका, जीभ चावून गप्प राहा. मला हे अजून नीट जमत नाही.

पायरी ८ : नंतरचं बोलणं, म्हणजे खरं ड्रिल

लेबर रूममधून बाहेर या. गोल करून बसा, चहा सांगा. डॉक्टर खुर्चीत, मावशी दाराशी उभ्या, असं असेल तर आधी मावशींना खुर्ची द्या, तोपर्यंत सुरू करू नका.

आधी एकेका वाक्यात ‘कसं वाटलं?’. सुरुवात सगळ्यात लहानापासून, मोठे डॉक्टर शेवटी. ते आधी बोलले की बाकीचे त्यांच्याच वाक्याला ‘हो ना’ म्हणतात. मग घडलं काय, हे घड्याळाच्या नोंदीवरून क्रमाने. त्यानंतर का घडलं.

इथं ‘का’ हा शब्द मात्र टाळा. ‘इंजेक्शन का नाही दिलं?’ हे मराठीत विचारणं नसतं, झापणं असतं. समोरचा खुलासा द्यायला लागतो. असं विचारून बघा : “तुम्ही फ्रिजकडे वळलात तेव्हा पोटावरचा हात सुटला, हे मला दिसलं. मालिश थांबली म्हणून मला भीती वाटली. तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?” आमच्या सिस्टरनी यावर दिलेलं उत्तर : “सरांनी कोणीतरी म्हटलं, आणि मी तिघींत ज्युनियर. मीच जायला हवं ना?” हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. ‘का’ विचारलं असतं तर ‘सॉरी मॅडम’ एवढंच मिळालं असतं.

‘छान केलंत, पण…’ हेही नको. सगळे ‘पण’ची वाट बघत बसतात, आधीचं कोणी ऐकत नाही. काय चांगलं झालं आणि काय बदलायचं, असे फळ्यावर दोन रकाने करा आणि दोन्ही भरा.

एका दुसऱ्या ठिकाणची चर्चा माझ्या कायम लक्षात राहिली आहे. तिथं औषधांच्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली इंचार्ज सिस्टरांच्या पर्समध्ये. त्या रजेवर. ड्रिलमध्ये सगळी टीम त्या कपाटासमोर उभी राहिली, एकाने तर कुलूप हलवून पाहिलं. चर्चेत कुलपावर पाच-सात मिनिटं वाद झाला. शेवटी मावशींना विचारलं, तुम्हाला काय दिसलं? त्या म्हणाल्या, “दुसरी किल्ली कॅलेंडरच्या मागं खिळ्याला असते.” मग तेव्हा सांगितलं नाही? “मला कोणी विचारलं नाही. आणि तुम्ही सगळे मोठी माणसं बोलत होता.”

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. चर्चा चालवणाऱ्याने अशा वेळी ती शांतता भरून काढायची नसते. मी भरून काढली, काहीतरी विनोद केला. करायला नको होता.

कोणी रडलं तर थांबा. ज्या सिस्टरने असा खरा पेशंट गमावलेला असतो, तिला लाल पाणीसुद्धा पुरतं. तिला एकटं सोडू नका, आणि सगळ्यांसमोर बोलतंही करू नका.

पायरी ९ : वही

एक साधी वही. काय सापडलं, कोण करणार, कधीपर्यंत. ‘कोण’च्या रकान्यात माणसाचं नाव, ‘प्रशासन’ किंवा ‘संबंधित’ लिहायचं नाही. तो आपला कोणीतरीच, फक्त सरकारी कपड्यांतला. पहिल्या आठवड्यात निदान तीन गोष्टी दुरुस्त करा, सोप्या का असेनात. ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं आणि फ्रिजचा थर्मामीटर बंद आहे, तो बदला. पीपीएचचं सगळं सामान एका डब्यात भरून, वर यादी चिकटवून टेबलाजवळ ठेवा. किल्लीची जागा सगळ्यांना माहीत करा. माणसं दुसऱ्या ड्रिलला येतात ती पहिल्याचा डबा जागेवर दिसला म्हणून.

पुढचं ड्रिल दीड-दोन महिन्यांत. तोच प्रसंग, तीच घड्याळाची नोंद. मध्ये वर्ष गेलं तर पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आकडे दोनच लिहून ठेवा, हाक जायला किती वेळ लागला आणि पहिलं इंजेक्शन जायला किती. यादी वाढवाल तर भरायचा कंटाळा येईल.

आमच्याकडे दुसऱ्या खेपेला इंजेक्शन दीड मिनिटात गेलं, पण रक्त सांगायचं सगळेच विसरले. वहीत आता तेवढी एक ओळ उघडी आहे. रात्रपाळीचं ड्रिल आम्हाला अजून जमलेलं नाही. दोनदा ठरलं, दोन्ही वेळा खरी पेशंट आली आणि ‘ड्रिल बंद’ म्हणावं लागलं. दुसऱ्या वेळी ते मावशींनी म्हटलं. सरावाच्या अकरा बाटल्या नेल्या होत्या, अकरा मोजून परत आणल्या.